टाळूच्या आत

(मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यात एर्लांगेन येथे केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

जेवणाच्या आधीचं भाषण म्हणजे वक्त्याची सत्त्वपरीक्षाच. आतून मसालेभाताचा वास येतो आहे, तेव्हा प्रस्तावना आटोपशीर ठेवतो.

संयोजकांनी मला ‘लहान मुलांचं आरोग्य’ असा भलामोठा विषय दिला होता. त्यातला मी एकच तुकडा उचलणार आहे: तान्ह्या बाळाच्या मेंदूभोवती होणारा रक्तस्राव. सणासुदीच्या अंकात छापायला विषय जरा गंभीर आहे, हे संपादकांनी मला हळूच सुचवून पाहिलं. पण बालरोगतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे आपल्या लोकांचे जे घाबरलेले फोन येतात, त्यात गेल्या काही वर्षांत हा विषय वारंवार येतो आहे, आणि त्या घाबरण्यामागे एक कारण आहे.

२०२१ च्या सप्टेंबरमध्ये बर्लिनमध्ये एका भारतीय कुटुंबाची सात महिन्यांची मुलगी तिथल्या युगेंडआम्टने ताब्यात घेतली, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. प्रकरण दिल्लीत संसदेपर्यंत गेलं. जून २०२३ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने मुलीचा ताबा आईवडिलांना द्यायला नकार दिला. त्या खटल्याच्या खऱ्याखोट्यात मी शिरणार नाही. ज्या जखमेवरून ते सगळं सुरू झालं ती मेंदूतल्या रक्तस्रावाची नव्हती, एवढंच सांगतो. पण तेव्हापासून आपल्या घरांमध्ये एक भीती शिरली आहे. मध्यंतरी एका बाबांचा रात्री फोन आला. बाळ सोफ्यावरून पडलं, दोनदा उलटी झाली, आता झोपाळलेलं वाटतंय. आणि मग त्यांनी विचारलं, “हॉस्पिटलला नेऊ का? की नेलं तर उगाच चौकशी मागे लागेल?” बाळ सुदैवाने ठणठणीत निघालं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. म्हणून आजचा विषय.

आधी थोडी रचना समजून घेऊ. नारळ डोळ्यांसमोर आणा. बाहेर करवंटी, ती म्हणजे कवटी. आत पांढरं खोबरं, तो मेंदू. आणि मध्ये ती तपकिरी साल असते ना, तशी मेंदूला आवरणं असतात. नारळात ती एक असते, आपल्याला तीन. सगळ्यांत बाहेरचं जाड आवरण कवटीला आतून चिकटलेलं, त्याला ड्यूरा म्हणतात. मेंदूतलं रक्त बारीक शिरांमधून या ड्यूरातल्या मोठ्या शिरांकडे जातं. या जोडणाऱ्या शिरा म्हणजे दोन इमारतींमध्ये टाकलेल्या फळ्यांसारख्या. इमारती हलल्या की ताण फळ्यांवर. ड्यूराच्या आतल्या बाजूला रक्त साचलं तर त्याला सबड्यूरल रक्तस्राव म्हणतात. आज मी मुख्यतः त्याच्याबद्दल बोलतोय. फार लवकर जन्मलेल्या बाळांना मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये रक्तस्राव होतो, तो प्रकार निराळा आहे, त्याची कारणं निराळी, आणि ती बाळं नवजात विभागात असतात, डॉक्टरांच्या नजरेखाली. तो विषय इथेच सोडतो.

आणखी एक गोष्ट. जन्मल्यावर डोक्यावर जे टेंगूळ दिसतं, विशेषतः साउगग्लोके म्हणजे व्हॅक्यूम लावला असेल तर, ते बहुतेक वेळा करवंटीच्या बाहेरचं असतं. दिसायला भयंकर, पण मेंदूशी त्याचा संबंध नसतो. काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, ते जिरतं. आणि आतलं जे असतं ते बाहेरून बिलकुल दिसत नाही. आपण घाबरतो ते दिसणाऱ्याला.

आता मुख्य प्रश्न. हे किती बाळांना होतं? इथे आपल्या गावाचा संबंध येतो, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या पगाराचाही.

पूर्वी डॉक्टरांना वाटायचं की मेंदूभोवती रक्त म्हणजे मोठी दुर्मीळ गोष्ट. कारण सोपं होतं. बाळ आजारी पडलं तरच आपण आत डोकावायचो. धडधाकट, दूध पिणाऱ्या, झोपणाऱ्या बाळाचं डोकं कोण तपासणार? एमआरआय आल्यावर हे शक्य झालं, कारण त्यात क्षकिरण नसतात. बाळाला पाजून, गुंडाळून, झोपेतच चित्र काढता येतं. मग काही ठिकाणी निरोगी बाळांचेच एमआरआय करून पाहिले गेले.

इंग्लंडमध्ये शेफिल्ड इथे १११ बाळांची तपासणी झाली, तो अभ्यास २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. त्यांपैकी ९ बाळांमध्ये सबड्यूरल रक्त सापडलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ८८ बाळं तपासली, ते निष्कर्ष २००७ मध्ये रेडिऑलॉजी या नियतकालिकात आले. त्यांपैकी ६५ बाळं नैसर्गिक मार्गाने जन्मलेली, २३ सिझेरियनची. सिझेरियनच्या एकाही बाळात रक्त नव्हतं. नैसर्गिक मार्गाने आलेल्यांपैकी १७ बाळांत होतं, म्हणजे २६ टक्के. पुढच्याच वर्षी अमेरिकेतलाच आणखी एक अभ्यास आला. त्यात जन्मानंतर ७२ तासांच्या आत एमआरआय केला होता. १०१ बाळांपैकी ४६ मध्ये रक्त! आणि ही सगळी बाळं वरून अगदी नॉर्मल. कोणालाही काहीही लक्षण नाही.

आता गंमत बघा. शेफिल्डचं यंत्र कमी ताकदीचं होतं. नॉर्थ कॅरोलायनाचं होतं तीन टेस्लाचं, फक्त डोक्यासाठी बनवलेलं ‘अलेग्रा’ नावाचं सीमेन्सचं यंत्र. यंत्र चांगलं होत गेलं, तपासणी जन्माच्या जितकी जवळ आली, तितकं रक्त जास्त दिसू लागलं. रक्त आधीपासूनच होतं, तुम्ही मंडळींनी दिवा मोठा लावलात. शोधनिबंधांमध्ये यंत्राच्या नावापुढे ते बनवणारं गाव लिहायची पद्धत असते, म्हणून जगभरच्या मेंदूच्या संशोधनात ‘एर्लांगेन, जर्मनी’ हे शब्द सारखे भेटतात. आपल्या बसच्या वाटेवरचं गाव तिथे वाचताना मला दर वेळी मजा वाटते.

हे रक्त येतं कसं? प्रसूतीच्या वेळी बाळाच्या कवटीची हाडं एकमेकांवर सरकतात, निसर्गाने ती त्याचसाठी सुटी ठेवलेली असतात. डोकं लांबुळकं होतं, आतली आवरणं ताणली जातात, आणि त्यातल्या बारीक शिरांमधून थोडं रक्त झिरपतं. तेही डोक्याच्या मागच्या बाजूला, तीन मिलिमीटरपर्यंतचा पातळ थर. २००८ च्या त्या अभ्यासात बाळांना पुन्हा पुन्हा तपासलं, तेव्हा बहुतेकांचं रक्त महिन्याभरात गेलं होतं आणि तीन महिन्यांपर्यंत सगळ्यांचं. शेफिल्डमध्ये तर चार आठवड्यांत साफ.

आणि एक मुद्दा, विशेषतः नव्या आयांसाठी. नॉर्थ कॅरोलायनाच्या अभ्यासात कळा किती वेळ चालल्या, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावला की नाही, याचा या रक्ताशी ठोस संबंध दिसला नाही. शेफिल्डमध्ये व्हॅक्यूम-चिमट्याची बाळं जास्त होती हे खरं, पण अगदी सरळ, बिनउपकरणाच्या प्रसूतीतही तीन सापडली. तेव्हा ‘डॉक्टरने ओढलं म्हणून’ किंवा ‘तू नीट जोर लावला नाहीस म्हणून’ ही वाक्यं घरात बोलू नका. तसंच, यावरून ‘मग सिझेरियनच बरं’ असा हिशेबही करू नका. आपोआप जिरणाऱ्या दोन-तीन मिलिमीटरच्या थरासाठी पोट कापून घेण्यात अर्थ नाही.

हा झाला निरुपद्रवी भाग. आता दुसरा. ज्या रक्तस्रावाने बाळ आजारी पडतं, तो किती? ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९८-९९ मध्ये देशभराची नोंद केली होती. पहिल्या वर्षात दर लाख बाळांमागे सुमारे २४. समजा एखाद्या शहरात वर्षाला हजार बाळं जन्मतात. त्यांतल्या शे-दोनशे बाळांमध्ये जन्मताना नकळत थोडं रक्त येतं आणि जातं. आणि गंभीर रक्तस्राव? चार वर्षांतून एखाद्या बाळाला. या दोन आकड्यांमध्ये केवढं अंतर आहे, ते लक्षात घ्या. दोन्हींची गल्लत झाली की आईबाप एक तर उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त राहतात.

त्या ‘एखाद्या’ बाळाचं कारण काय असतं? यात मला सगळ्यांत जास्त वेळ व्हिटॅमिन के वर घालवायचा आहे, कारण ते पूर्णपणे आपल्या हातात आहे.

डेन्मार्कचा हेन्रिक डाम कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग करत होता. स्निग्धांश काढलेलं खाणं दिल्यावर पिल्लांना जागोजागी रक्तस्राव व्हायला लागला. जे जीवनसत्त्व कमी पडत होतं, त्याला त्याने अक्षर दिलं के, जर्मन स्पेलिंगप्रमाणे ‘कोआगुलाट्सिओन’ म्हणजे रक्त गोठणे यातलं पहिलं अक्षर. त्यासाठी त्याला १९४३ चं नोबेल मिळालं. आता बाळाची अडचण काय? वारेतून हे जीवनसत्त्व बाळाकडे फारच थोडं जातं. मोठ्यांच्या आतड्यातले जीवाणू ते थोडंफार बनवतात, बाळाचं आतडं अजून कोरं असतं. आणि आईच्या दुधात, जे बाकी सगळ्या बाबतींत अमृत, त्यात हे मात्र अगदीच कमी. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम. डब्याच्या दुधात ते मुद्दाम घातलेलं असतं. त्यामुळे ज्या बाळाला फक्त अंगावरचं पाजलं जातं आणि जन्मल्यावर व्हिटॅमिन के दिलेलं नसतं, त्याला दुसऱ्या ते बाराव्या आठवड्यात अचानक रक्तस्राव होऊ शकतो. होतो फार थोड्यांना. युरोपात काहीच न देता लाखामागे चार ते सात बाळांना व्हायचा, थायलंड-जपानकडे त्याच्या कितीतरी पट. पण ज्यांना होतो, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिकांना तो थेट डोक्यात होतो.

मी इंटर्न असताना मराठवाड्यात एका सरकारी रुग्णालयात असं बाळ पाहिलं. दीड महिन्याचं, घरीच जन्मलेलं, गुटगुटीत. दोन दिवसांपूर्वी नाकातून दोन थेंब रक्त आलं होतं, आजीने पुसलं, उष्णता झाली म्हणाली. आलं तेव्हा पांढरंफटक, टाळू फुगून घट्ट झालेली, डोळे एका बाजूला खेचलेले. व्हिटॅमिन के ची सुई दिल्यावर काही तासांत रक्त गोठायला लागलं. बाळ वाचलं. पण उजवा हात त्याला पुढे नीट वापरता आला नाही. एका मिलिग्रॅमची सुई ती, दीड महिना आधी हवी होती. ते नाकातलं रक्त म्हणजे इशारा असतो. नाकातून, बेंबीतून किंवा हिरड्यांतून रक्त, कारण नसताना काळे-निळे डाग, हे तान्ह्या बाळात कधीच ‘उष्णता’ नसते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

भारतात आता जन्मतःच मांडीत एक सुई देतात. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रुग्णालयात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला ती द्यायची आहे. जर्मनीत मात्र थेंब देतात, तोंडावाटे, तीन वेळा, दर वेळी दोन मिलिग्रॅम: ऊ-१, ऊ-२ आणि ऊ-३ या तपासण्यांना. हा फरक का? १९९२ मध्ये ब्रिस्टलहून एक अभ्यास आला, त्यात सुईचा आणि बालपणीच्या कर्करोगाचा संबंध असल्याची शंका होती. मोठी खळबळ झाली. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो संबंध काही टिकला नाही, पण तोवर जर्मनी थेंबांकडे वळली होती. आधी एकेक मिलिग्रॅम, मग नव्वदीच्या मध्यात दोन-दोन. तिन्ही वेळा नीट दिले तर उशिराचा रक्तस्राव लाखात एकाहूनही कमी बाळांना होतो, हे इथल्या देशभराच्या नोंदींवरून दिसलं आहे.

पण ‘तिन्ही वेळा’ यातच मेख आहे. सुई एकदा दिली की संपलं. थेंबांना शिस्त लागते. पहिले दोन बहुधा रुग्णालयातच होतात. तिसरा चौथ्या-पाचव्या आठवड्यात, तुम्ही अपॉइंटमेंट घेतली तर. पिवळी वही, गेल्बेस हेफ्ट, उघडून तिन्ही नोंदी आहेत का ते आज घरी गेल्यावर बघा. बाळाने थेंब लगेच ओकून टाकले तर ‘गेले असतील थोडे पोटात’ म्हणू नका, तिथेच सांगा, पुन्हा देतात. आणि आज्यांचा एक नेहमीचा मुद्दा, तो मला दर वेळी ऐकावा लागतो: “ती मेथी खाते, शेपू खाते, मग थेंब कशाला?” आजी, मेथीत व्हिटॅमिन के भरपूर आहे, अगदी खरं. पण ते दुधात उतरत नाही फारसं. मेथी आईसाठी, थेंब बाळासाठी.

इथे आणखी एक सांगायला हवं. हे जीवनसत्त्व तेलात विरघळणारं आहे, शोषायला पित्त लागतं. काही बाळांच्या पित्तनलिका जन्मतः किंवा जन्मानंतर थोड्याच दिवसांत बंद होतात. अशा बाळाला थेंब दिले तरी अंगी लागत नाहीत. ही बाळं ओळखायची कशी? कावीळ दोन आठवड्यांनंतरही रेंगाळते आणि शी फिकट होते, मातकट-पांढरट. पिवळ्या वहीत शीचे रंग दाखवणारा तक्ता आहे, तो सजावटीसाठी नाही. लंगोट बदलताना रंग बघत जा, बाबांनीसुद्धा.

व्हिटॅमिन के नंतर दुसरं कारण, आणि ते बोलायला अवघड आहे. बाळाला जोरजोरात हलवणं. जर्मनमध्ये श्युटेलट्राउमा. १९७१ मध्ये हल इथले न्यूरोसर्जन नॉर्मन गथकेल्च यांनी ते पहिल्यांदा मांडलं. बाळाचं डोकं जड, मान लुळी. खांदे धरून गदागदा हलवलं की मेंदू मागे-पुढे जातो आणि मघाच्या त्या फळ्या, जोडणाऱ्या शिरा, तुटतात. जर्मनीत दरवर्षी अंदाजे १०० ते २०० बाळं अशा निदानाने रुग्णालयात येतात. त्यांतली दहा ते तीस टक्के दगावतात, वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना कायमची इजा राहते.

‘आपल्यात असं होत नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा आता राग येतो. हे कोणी दुष्ट माणसंच करतात असं नाही. बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या ते आठव्या आठवड्यात कळसाला पोचतं, मग तीन-चार महिन्यांपर्यंत उतरतं. सगळ्या देशांतल्या बाळांचं तसंच. आता आपला हिशेब मांडा. आजी येते नव्वद दिवसांच्या व्हिसावर. प्रसूतीच्या महिनाभर आधी आली, तर परत कधी जाते? बाळ दोन महिन्यांचं असताना. म्हणजे रडण्याचा कळस आणि आजीचं विमान एकाच सुमाराला! बाबांची सुट्टी संपलेली, आई तीन तासांच्या झोपेवर, बाहेर नोव्हेंबर, आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी रात्री दहानंतर छताला ठोकतात. आपल्याकडच्या भरल्या घरात रडणारं बाळ पाच जणांच्या हातांतून फिरायचं. इथे दोनच जोड्या हात, आणि तेही थकलेले.

तेव्हा एक साधी गोष्ट. बाळ रडतंच आहे, भूक नाही, ओलं नाही, ताप नाही, आणि तुमच्या डोक्यात सणक चढतेय असं वाटलं, तर त्याला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार ओढून घ्या आणि दुसऱ्या खोलीत जा. पाच-दहा मिनिटं. चहा ठेवा, कोणाला तरी फोन लावा. पाळण्यात रडल्याने बाळाला काही होत नाही. आईचं काळीज तुटतं, मान्य, पण बाळाला इजा होत नाही. हेबामे बारा आठवड्यांपर्यंत घरी येते आणि तिचा खर्च क्रांकेनकासे देते, तिला मोकळेपणाने सांगा. अति रडणाऱ्या बाळांसाठी श्राय-आम्बुलान्झ नावाची खास सल्लाकेंद्रं असतात, तिथे जाणं म्हणजे आईबाप म्हणून नापास होणं नव्हे. आणि मंडळाला माझी विनंती आहे: नवीन बाळ झालेल्या घरी बारशाला सगळे जातातच, त्याऐवजी सहाव्या आठवड्यात डबा घेऊन जा आणि दोन तास बाळ सांभाळा.

तिसरं म्हणजे आजार आणि अपघात. रक्त गोठण्याचे जन्मजात दोष, मेंदूज्वर, शिरांमधल्या गाठी. ग्लुटारिक अ‍ॅसिड्युरिया नावाचा एक दुर्मीळ चयापचयाचा विकार आहे, त्यातही सबड्यूरल रक्त दिसतं. जर्मनीत २००५ पासून बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्तावर त्याची चाचणी होते. काही बाळांचं डोकं घराण्यातच मोठं असतं, त्यांत मेंदू आणि कवटीमधली जागा रुंद असते, मग किरकोळ कारणानेही थोडं रक्त येऊ शकतं. म्हणून डोक्याचा घेर मोजून तो आलेखावर मांडायचा असतो.

आता तो अवघड प्रश्न. बाळाच्या डोक्यात रक्त सापडलं, तर डॉक्टर आईवडिलांवर संशय घेतात का? प्रामाणिक उत्तर: ती शक्यता तपासतात, आणि तपासलीच पाहिजे. बव्हेरियात तर कायदाच आहे. मारहाणीची किंवा हेळसांडीची ठोस चिन्हं दिसली तर डॉक्टरांनी आणि हेबामेंनी युगेंडआम्टला कळवायचं. मग डोळ्यांच्या पडद्याची तपासणी होते, हाडांचे एक्स-रे निघतात, रक्त गोठण्याच्या चाचण्या, चयापचयाच्या चाचण्या. या चाचण्या तुमच्या विरोधात नसतात. निर्दोष कारण सापडायचं असेल तर ते त्यांतूनच सापडतं.

वैद्यकशास्त्रात यावर वाद आहे, तो मी लपवणार नाही. फक्त मेंदूभोवतीचं रक्त, डोळ्यातलं रक्त आणि मेंदूची सूज या तिघांवरून ‘हलवलंच’ असं म्हणता येतं का? स्वीडनच्या सरकारी मूल्यमापन संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं की पुरावा तोकडा आहे. बालरोगतज्ज्ञांच्या अनेक संघटनांनी २०१८ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलं की निदान कधीच फक्त या तिघांवर होत नाही, सगळं चित्र बघून होतं, आणि ते निदान खरं आहे. खुद्द गथकेल्च यांना उतारवयात आपल्या कल्पनेचा काही खटल्यांत गैरवापर होतोय याची खंत होती. माझं मत विचाराल, तर हलवल्याने इजा होते यात मला शंका नाही, आणि एका चित्रावरून घाईने निवाडा करू नये यातही नाही. तीन महिन्यांच्या बाळात ‘हे जन्माच्या वेळचंच असेल’ असं म्हणून मात्र चालत नाही, कारण मघाशी पाहिलं, ते तोवर जिरलेलं असतं.

मी वकील नाही, तेव्हा दोनच व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. मुटरपास आणि पिवळी वही सोबत न्या. जे घडलं ते जसंच्या तसं सांगा, जर्मन अडखळत असेल तर दुभाषी मागा. अर्धवट भाषेत आईने एक सांगितलं आणि बाबांनी दुसरं, तर तेच संशयाला कारण होतं. आणि युगेंडआम्टने बाळ ताब्यात घेतलंच तर आईवडिलांना हरकत घेता येते. तशी हरकत घेतली की त्यांनी बाळ परत द्यायचं किंवा विनाविलंब कौटुंबिक न्यायालयाकडे जायचं, असा नियम आहे. पत्र आलं तर ड्रॉवरमध्ये टाकू नका, त्याच दिवशी वकील गाठा.

पण चौकशीच्या भीतीने रुग्णालय टाळणं? ते मात्र करू नका. टाळू फुगून घट्ट झाली, बाळ शांत असतानाही तशीच राहिली, बाळ दूध पिईना, उठवूनही झोपेतच राहू लागलं, झटके आले, रंग पांढरा पडला, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, तर ११२. त्या वेळी एक-एक तास मोलाचा असतो.

शेवटी प्रश्नोत्तरं झाली, त्यांतली तीन इथे देतो.

एका आजींनी विचारलं, “मग आम्ही मालिश करायचं की नाही?” जरूर करा. तेलाच्या हाताने मेंदूत रक्तस्राव होत नाही. मांडीवर हलकं झुलवल्याने, पाळण्याच्या झोक्याने, बाबागाडी दगडी रस्त्यावर खडखडल्यानेही होत नाही. पण गावाकडे काही अंघोळवाल्या बाळाला पाय धरून उलटं झुलवतात, हवेत उडवून झेलतात. ते काही गरजेचं नाही, बंद करा.

एका तरुण अभियंत्याने विचारलं, “इतक्या बाळांत रक्त असतं, तर सगळ्यांचा एमआरआय का करत नाही? आम्ही यंत्रं देतो की!” हशा पिकला. पण उत्तर असं की जे आपोआप जाणार आहे ते शोधून आईबापांची झोप उडवण्यापलीकडे काही साधणार नाही.

आणि तिसरा प्रश्न एका गरोदर ताईंचा. बाळ पाच-सहा आठवड्यांचं झालं की लगेच भारतात न्यायचं आहे, घरचे वाट बघताहेत, चालेल का? म्हटलं, पासपोर्ट वेळेत हातात पडला तर न्या. पण ऊ-३ ची अपॉइंटमेंट तिकिटाच्या आधी घ्या, ते तिसरे थेंब पोटात गेले की मग विमानात बसा. आणि पिवळी वही मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. तिकडे पुण्याच्या डॉक्टरांना जर्मन वाचता येणार नाही, पण तारीख आणि ‘व्हिटॅमिन के’ एवढं कोणालाही कळतं.